डब्यांपाशी थांबलेली मुलगी

दादा,

मध्यंतरी परभणीत तुमची मुलगी भेटली. तुमची म्हणजे मी नव्हे, ती तांड्यावरची. ओळखायला जरा वेळच लागला, असं मी तिला तोंडावर म्हणाले, ते खोटं होतं. हॉलच्या मागच्या दारातून ती आत आली तेव्हाच मी तिला चालण्यावरून ओळखलं होतं. पन्नास वर्षांत माणसाचे केस जातात, अंग सुटतं, चष्मा लागतो, पण हिचं चालणं तेच, वाट बापाची असल्यासारखं. ती वाट माझ्या बापानं करून दिली होती हे आठवलं आणि साठी गाठलेल्या मला भर कार्यक्रमात पोटात दुखलं. हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. नातवंडं झालेल्या बाईनं शाळेतल्या पोरीवर अजून जळावं, हे ऐकून लोक हसतील. तुम्ही हसला नसता. तुम्ही गप्प बसला असता, आणि तुमचं गप्प बसणं मला कधीच सोसलं नाही.

तुम्हाला ठाऊक नाही, पण तुम्ही गेल्यावर मी लिहायला लागले. मुलांसाठी साहसाच्या गोष्टी. आठ पुस्तकं झाली. पहिलं घेऊन गेले तेव्हा एका प्रकाशकांनी चहा पाजून हस्तलिखित परत दिलं होतं. म्हणाले, तांड्यावरची मुलगी, वस्तीतला मुलगा, जिनिंगवरच्या मुसलमान हमालाचं पोर, हे सगळं सामाजिक झालं, बाई, ह्यात साहस कुठं आहे? मी म्हणाले, डोंगरातल्या गुहेत चोर पकडतात की. ते म्हणाले, हो, पण वाचणाऱ्या मुलांना ती मुलं आपली वाटायला नकोत का? कुठल्या मुलांना, हे विचारायचं मला बसमध्ये बसल्यावर सुचलं. आता मला कार्यक्रमांना बोलावतात आणि मी तेच ते बोलते. आमच्या लहानपणी पुस्तकातली शूर मुलं सगळी एकाच घरातून आल्यासारखी असायची, त्यांना बंगला असायचा, कुत्रा असायचा, सुट्टीत जायला समुद्राकाठी काका असायचा. आणि आमच्यासारखी माणसं त्या पुस्तकात आलीच तर पाणी भरायला नाहीतर चोरी करायला यायची. लोक माना डोलावतात. मग मी म्हणते, माझ्या वडिलांनी हे तेव्हाच ओळखलं होतं, आणि तुमची गोष्ट सांगते. ती सांगताना मी दर वेळी एक जागा गाळते. ह्या वेळी ती जागाच उठून उभी राहिली.

प्रश्नोत्तरं चालू होती. तिनं हात वर केला, माईक घेतला आणि म्हणाली, "मला काई विचारायचं न्हाई. गुरुजींच्या गोष्टीतली कप्तान मीच हाय, तेवढं सांगायला आले." टाळ्या पडल्या. माझ्या अख्ख्या भाषणाला पडल्या नव्हत्या तेवढ्या पडल्या, हे मी ऐकून घेतलं. तिनं सगळी नोकरी आरोग्य केंद्रात नर्स म्हणून केली, आता जिंतूरला असते. नंतर लोक पांगल्यावर तिनं पिशवीतून एक पुस्तक काढलं, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं. "दोन दिस ठिव," म्हणाली, "पर परत दे बरं का. गुरुजींनी दिल्यालं हाय." पुस्तक माझ्या वडिलांचं, आणि ते मला दोन दिवसांच्या बोलीवर मिळालं.

आपली शाळा दोन खोल्यांची. सेलूहून जिंतूरला जाणारी एसटी फाट्यावर सोडायची, तिथून आत चालत. तिसरी-चौथी तुमच्याकडे. आपण वस्तीतले, बौद्ध, आणि तुम्ही त्या गावचे गुरुजी, त्यामुळे तुमच्या उठण्याबसण्याकडे गावाचे दोन डोळे जास्तच लागलेले असायचे. म्हणून असेल, तुम्ही नियमाला फार कडक. शाळेच्या कुंपणाच्या आत तुम्ही गुरुजी आणि बाहेर दादा. एकदा मी वर्गात चुकून दादा म्हणाले, तर मी गुरुजी म्हणेपर्यंत तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शाळेतल्या खडूचा तुकडा घरी आला तर आईला ओरडा बसायचा. आणि ग्रंथपेटीतल्या पुस्तकाला पोरांनी हात लावायचा नाही, ती सरकारी वस्तू.

शनिवारी सकाळची शाळा असायची. कवायत झाली की शेवटच्या तासाला सगळ्यांना लिंबाच्या झाडाखाली बसवायचं आणि गोष्ट. मला ते अजून समोर दिसतं. तुम्ही खुर्चीवर बसलाय, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं पुस्तक हातात, आणि वाचताय. चार मुलं सुट्टीत येलदरीच्या धरणावर गेली आहेत. पाण्याच्या मधोमध एक टेकडी उघडी पडली आहे आणि तिच्यावर कुणीतरी कंदील हलवतंय. चौघांचा कप्तान कोण? तुम्ही मान वर करता आणि वर्गातल्या एकाचं नाव घेता. ते पोर बसल्या जागी ताठ होतं. पुस्तकात समुद्र होता, त्याची तुम्ही येलदरी केली होती. पुस्तकातली गुहा जिंतूरच्या डोंगरात आणली होती. पुस्तकात बाटलीतून इंग्रजी चिठ्ठी निघायची, ती तुमच्याकडे उर्दूत निघाली, कारण त्या शनिवारी पाळी हमालाच्या मुलाची होती आणि आजोबाकडून उर्दू वाचायला शिकलेलं वर्गात ते एकच पोर होतं. पाढे येत नाहीत म्हणून ज्याला सगळे हसायचे, त्याच्याशिवाय त्या दिवशी कुणाला खजिना सापडेना. निजामाच्या वेळचे उर्दू कागद घरोघरच्या पेट्यांत पडलेलेच होते. सोमवारी दोन-तीन पोरांनी ते आणले आणि त्याच्याकडून वाचून घेतले.

पोरांना वाटायचं, नावं पुस्तकात छापलेलीच आहेत. सरकार दर शाळेसाठी वेगळं पुस्तक छापतं, तलाठ्याकडून पोरांची नावं मागवून घेतं, असं पाटलाचा नातू छातीठोक सांगायचा आणि बाकीचे ऐकून घ्यायचे. खरं काय ते फक्त मला माहीत होतं. शुक्रवारी तुम्ही नोंदवहीत लिहून पुस्तक घरी आणायचा, अंगणात बाजेवर बसून वाचायचा, मध्येच थांबून आभाळाकडे बघत ओठ हलवायचा. मी तुमच्या पाठीमागून वाचलं होतं. त्या पुस्तकात आमच्यातलं कुणीच नव्हतं. तीन मुलगे पुण्याचे, भाऊ-भाऊ, आणि त्यांची एक बहीण. बहीण भित्री. गुहेपाशी गेलं की मुलगे तिला म्हणायचे, तू इथं डब्यांपाशी थांब. ती थांबायची. तिचं एक चित्रही होतं, झाडाखाली जेवणाच्या चार डब्यांच्या शेजारी, दोन वेण्या आणि रिबिनी.

कप्तान हजेरीपटाच्या क्रमानं ठरायचा, त्यात भांडणाला जागा नव्हती. पाटलाच्या नातवाची पाळी आधीच होऊन गेली होती. पुढच्या एका गोष्टीत तुम्ही त्याला नुसता दोर धरायला ठेवलं, तर त्याच्या आजोबांनी तुम्हाला पारापाशी थांबवलं. मी तुमच्या सायकलच्या कॅरियरवर होते. म्हातारा म्हणाला, "गुरुजी, आमच्या पोराला तुमी दोर धरायला लावला म्हणं?" मला वाटलं आता गोष्टीचा तास बंद. तुम्ही सायकलवरून उतरलात आणि म्हणालात, "पाटील, वरचा माणूस दोरावर लोंबकळायलाय. खालच्यानं हात सोडला तर तो मेला. तिथं कुणीबी पोरगं चालंल का? भरवशाचं लागतंय." म्हातारा खूश होऊन तंबाखू मळायला लागला. तुम्ही असे होता. सगळ्यांना सांभाळून घ्यायचं, फक्त एकीला सोडून.

जूनपासून गणपतीपर्यंत मुलगे झाले. मग मुली. मुली सहाच होत्या आणि पटावर माझं नाव त्यांच्यात दुसरं. पहिल्या मुलीचा शनिवार झाला त्या दिवसापासून मी दिवस मोजत होते. माझी गोष्ट कुठली असावी हेही मी ठरवून टाकलं होतं, मला बोगदा हवा होता. त्या शनिवारी आईकडून तेल लावून घट्ट वेण्या घालून घेतल्या, लाल रिबिनी बांधल्या, पुढे जाऊन बसले. तुम्ही पट उघडला. तुमचं बोट माझ्या नावापाशी आलं आणि तसंच खाली सरकलं. मी ते बोट पाहिलं, दादा. तुम्ही पटावरच्या तिसऱ्या मुलीचं नाव घेतलंत. ती मागे बसली होती, माळावरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरून येणारी, वर्गात सगळ्यात कच्ची, एक ओळ वाचायला जिला अर्धा तास लागायचा. तिला कळलंच नाही की आपल्याला म्हणताहेत. शेजारणीनं ढोसलं तेव्हा ती उभी राहिली.

घरी गेल्यावर मी विचारलं. कुंपणाबाहेर होते, त्यामुळे दादा म्हणून विचारलं. तुम्ही पाय धूत होता. म्हणालात, "लोक काय म्हणतील? गुरुजीनं सोताची पोरगी घुसवली म्हणतील. तू तर घरातलीच हायस. तुला घरी सांगीन की." आई चुलीपासून म्हणाली, "दिव्याखाली अंधार, दुसरं काय." तुम्ही हसलात. घरी तुम्ही मला कधीच गोष्ट सांगितली नाहीत. घरी तुम्ही वह्या तपासायचा, लोकांचे अर्ज लिहून द्यायचा, कुणाकुणाचे झगडे मिटवायचा. मी घरातलीच होते, मला कुठं पळून जायचं होतं.

हेही सोसलं असतं. पण बाकीच्यांना एकेक शनिवार मिळाला आणि तिची गोष्ट संपेचना. दुसरा शनिवार, तिसरा शनिवार. पुस्तकातल्या मोठ्या भावाकडे बॅटरी आणि नकाशा होता, तिच्याकडे काहीच नव्हतं आणि तरी तिचं काही अडत नव्हतं. ती मातीतल्या खुरांवरून सांगायची की चोरांच्या बैलांपैकी एक लंगडा आहे. कुठल्या विहिरीत अजून पाणी असेल ते तिला वासावरून कळायचं. पोरं तोंड उघडं टाकून ऐकायची. मधल्या सुट्टीत पाटलाचा नातू तिला खरोखर विचारायला लागला, "कप्तान, आता कुठं जायाचं?" आणि ती हात लांब करून दाखवायची, अन् हे सगळे तिच्या मागे पळायचे. मी वर्गात पहिली यायचे, दादा. मला सगळ्या कविता पाठ होत्या. ती पोरगी 'कमळ' वाचताना अडखळायची.

तुम्ही गोष्ट का लांबवत होता, ते मला कळलं होतं. एके संध्याकाळी आई भाकरी थापत होती आणि तुम्ही तिला सांगत होता, की दिवाळीची सुट्टी लागली की तिचे आईबाप ऊसतोडीला जाणार, पोरीला संगं नेणार, आणि एकदा ती कोयत्याबरोबर गेली की शाळा संपली. "अर्ध्यातनं गोष्ट टाकून ती जायची न्हाई," तुम्ही म्हणालात, "हट्ट धरंल, आजीपाशी राहते म्हणंल. तेवढ्यासाठीच मी ताणायलोय." मी दाराआड होते. म्हणजे मी पुढे जे केलं ते न कळून केलं, असं मला म्हणता येत नाही. कार्यक्रमात मी गाळते ती जागा हीच.

सुट्टी लागायच्या आधीचा शुक्रवार. मधल्या सुट्टीत तुम्ही दुसऱ्या खोलीत होता. मी तुमच्या पिशवीतून पुस्तक काढलं आणि तिला शाळेच्या मागे नेलं. "तुझं नाव बघायचं का पुस्तकात?" मी विचारलं. तिनं हात घागऱ्याला पुसले, मग पुन्हा एकदा पुसले, आणि पुस्तक मांडीवर घेतलं. तिनं त्याआधी ग्रंथपेटीतलं पुस्तक हातात धरलेलंच नव्हतं. ती अक्षराखाली बोट धरून नाव शोधायला लागली. मधलाच एखादा शब्द फोडत, ओठ हलवत. मी उभी होते. पान उलटलं, दुसरं उलटलं. "न्हाई दिसायलं," ती म्हणाली. मी म्हणाले, "पुढं बग की." तिसऱ्या पानावर चित्र होतं, तिथं ती बराच वेळ थांबली. "ही कोण हाय? डब्यांपाशी बसल्याली?" मी म्हणाले, "असंल कुणीबी." चौथ्या पानावर तिनं मान वर केली. "हे नाव कुणाचं हाय मग?"

"पुण्याच्या पोराचं," मी म्हणाले. "तेच खरं हाय. तुझं नाव गुरुजी नुसतं तोंडानं घालायलेत. तू न्हाईस ह्याच्यात. आपल्यातलं कुणीच न्हाई."

तिनं पुस्तक मिटलं, दोन्ही हातांनी मला परत दिलं आणि घंटा झाली म्हणून वर्गात जाऊन बसली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

शनिवारी ती आली नाही. तुम्ही लिंबाखाली पुस्तक उघडलं, माळाच्या वाटेकडे पाहिलं, आणि पुस्तक मिटून पोरांना घरी सोडलंत. मग सायकल काढून तांड्यावर गेलात. दुपारी परत आलात तेव्हा मी दारातच होते. तुम्ही सायकल भिंतीला लावलीत. "पुस्तक तूच दाखवलंस?" मी हो म्हणाले. मला वाटलं आता मारतील, आणि खरं सांगते, मला ते हवं होतं. पण तुम्ही म्हणालात, "तुला वाचायला शिकवलं ते ह्याच्यासाठी न्हवं." बस्स. त्यानंतर ह्या विषयावर तुम्ही मरेपर्यंत एक शब्द काढला नाहीत. मी कॉलेजात गेले, मास्तरीण झाले, माझं लग्न झालं, तुम्ही आजारी पडलात, मी तुमचे पाय चेपत महिना महिना बसले, आणि दर वेळी मला वाटायचं की आता काढतील.

तांड्यावर ती तुम्हाला म्हणाली होती, गुरुजी, माझं नाव कुठाय त्याच्यात. हे तुम्ही आईला सांगताना मी ऐकलं. सुट्टी लागली. शाळेचा खडू घरी न आणणारा माणूस ग्रंथपेटीतलं सरकारी पुस्तक मांडीवर आणि शाईचं पेन हातात घेऊन अंगणात बसला. पहिल्या पानापासून. पुण्याच्या मुलाचं नाव जिथं जिथं आलं तिथं त्याच्यावर शाईची रेघ मारायची आणि वर तिचं नाव लिहायचं. दुसऱ्या भावाच्या जागी पाटलाचा नातू, धाकट्याच्या जागी हमालाचा मुलगा. समुद्र खोडायचा, येलदरी लिहायचं. दौत तुमच्या जवळ ठेवली तर लवंडेल म्हणून ती ओट्यावर होती, आणि पेनातली शाई संपली की तुम्ही माझ्याकडे न बघता पेन पुढे धरायचा. मी शाई भरून द्यायचे. तिचं नाव लिहिण्यासाठी लागणारी शाई चार दिवस मी भरून दिली. चुलीपासून उठून येत आई म्हणाली, "काय लिव्हायलात एवढं? सोताच्या लेकीच्या वहीवर कधी नाव घालून दिलं न्हाई, अन् हितं पुस्तकाची पुस्तकं भरवायलात." तुम्ही पेन पुन्हा माझ्याकडे धरलंत. पाचव्या दिवशी पुस्तक कापडात बांधून तुम्ही तांड्यावर नेलंत आणि रिकाम्या हातांनी आलात. तिचे आईबाप कोयता घेऊन गेले, ती आजीपाशी राहिली. पुढच्या तपासणीत पेटीत एक पुस्तक कमी भरलं म्हणून साहेबांनी शेरा मारला, तो तुम्ही खाली मान घालून घेतलात.

सुट्टीनंतर तिची गोष्ट पुरी झाली. तुमच्या हातात पुस्तक नव्हतं, ते तिच्या मांडीवर होतं, आणि ती बोटानं ओळी धरत तुमच्या बरोबरीनं वाचत होती. मार्चपर्यंत ती माझ्याइतकंच वाचायला लागली. तिच्यानंतर पट चौथ्या मुलीपासून पुढे चालला. माझ्यावर तो परत आला नाही.

लोक मला विचारतात, बाई, तुमच्या आठही पुस्तकांत तांड्यावरचीच मुलगी का पुढे असते? मी त्यावर पंधरा मिनिटं बोलू शकते. कुणाला गोष्टीत जागा मिळते, कुणाला मिळत नाही, सगळं बोलते, आणि त्यातला शब्द न् शब्द मला पटलेला आहे. पण त्याच्याही आधीचं कारण असं, की तुमच्या तोंडून मी एकाच मुलीची एवढी मोठी गोष्ट ऐकली होती. गुरुजीची मुलगी मी एकाही पुस्तकात घातली नाही. तिला कुठं ठेवावं तेच मला कळत नाही.

तर त्या रात्री घरी येऊन मी कापड सोडलं. तपकिरी कव्हर तेच, कोपरे झिजलेले. पहिल्या पानावरच तुमचं अक्षर. मी नावं वाचत गेले. तिचं, पाटलाच्या नातवाचं, हमालाच्या मुलाचं. त्या भित्र्या बहिणीचं छापील नाव मात्र तुम्ही कुठंच खोडलं नव्हतं, तिला तसंच राहू दिलं होतं. चाळीस-एक्केचाळीस पानांपर्यंत असं. आणि पुढे एका पानावर ते नाव खोडलेलं दिसलं आणि त्याच्यावर माझं नाव.

मी चष्मा पुसून पाहिलं. माझंच. त्याच्या पुढच्या पानावर पुन्हा, आणि मग शेवटपर्यंत. मुलगे गुहेपाशी येतात तिथं 'ती डब्यांपाशी थांबली' असं वाक्य होतं. त्यातलं 'डब्यांपाशी थांबली' खोडून वर लिहिलं होतं, 'कंदील घेऊन सगळ्यांच्या आधी आत गेली'. तिथून बोगदा लागतो. त्या बोगद्यात मी कंदील धरून पुढे, कप्तान माझ्या मागे, आणि तिच्या मागे बाकीचे. दादा, मी घराचं दार लावून घेतलं आणि पोरीसारखी रडले. मला वाटलं, तुम्ही. चार दिवस माझ्याकडे न बघता पेन पुढे करत होता आणि आत हे लिहीत होता.

मग मला राहवेना. तुमच्या रजेचे अर्ज, पेन्शनचे कागद, आईला पाठवलेली दोन कार्डं, माझ्या पेटीत आहेत ती काढली आणि शेजारी ठेवून बघत बसले. तुमची शिरोरेघ शब्दभर एका दमात जायची. चाळिसाव्या पानानंतर ती रेघ दर अक्षराला तुटते. अक्षर तुमच्यासारखंच काढलंय, गिरवून गिरवून, पण तुमचं नाही. शाईही वेगळी, जरा फिकी.

मी तिला जिंतूरला फोन लावला. ती म्हणाली, "गुरुजींनी तेवढंच करून दिल्तं. बाकीचं तू लिव्ह म्हणले, तुझ्या हातानं. मला वरीसभर लागलं बग." मी विचारलं, आणि माझं नाव? ती हसली. "तू पुस्तक दाखवाया नेल्तंस तवा मी ते चित्र बघितलं व्हतं. ती पोरगी झाडाखाली एकलीच बसल्याली. मला ती तुझ्यावानीच दिसली, रिबिनीसुदिक तशाच. सगळे गेले आत अन् ती एकलीच भाईर. मला बरं न्हाई वाटलं. म्हणून नेलं तुला आत." मग तिनं विचारलं, पुस्तक कधी देतीस.

हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. माझ्या पुस्तकात मी असं घडवलं असतं तर शेवटी त्या दोघी गळ्यात गळा घालून रडल्या असत्या. मला राग आला. कप्तानपण तिला, शनिवार तिला, तुमची चार दिवसांची शाई तिला, आणि शेवटी मन मोठं करायचं तेही तिनंच करून ठेवलं, नवव्या-दहाव्या वर्षी, मला काही शिल्लक न ठेवता. तुम्हाला जे जन्मभरात जमलं नाही ते त्या पोरीला पुस्तक चाळताना जमलं. तुम्हा दोघांपैकी मी जास्त कुणावर जळते, ते अजून माझं ठरलेलं नाही.

पुस्तक उद्या मुलगा जिंतूरला जातोय त्याच्याबरोबर पाठवते आहे. दोन दिवसांचे बारा दिवस झाले, तिचे तीन फोन आले. हा कागद त्यात घालायचा एकदा विचार आला होता, पण तो तिच्याच हाती पडेल, म्हणून माझ्या पेटीत तुमच्या अर्जांखाली ठेवते. एवढंच सांगायचं राहिलं. काल संध्याकाळी नात माझ्या शेजारी बसून ते पुस्तक चाळत होती. बोगद्याच्या पानावर तिनं माझं नाव वाचलं, बोट ठेवलं आणि विचारलं, आजी, हे इथं कुणी लिहिलं? मी म्हणाले, माझ्या दादांनी.